मी शोधलेली खाच

आमच्या विभागप्रमुखांच्या मते रेणू हा कपाटात असतो. काचेच्या कपाटात, कुलूप लावून, आणि किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात. रंगीत गोळ्या आणि काड्यांचा तो डीएनएचा पिळदार जिना कॉलेजने कधीतरी मुंबईहून मागवला होता. त्याची वरची दोन वेटोळी निखळली तेव्हा ती सुतळीने बांधली गेली. तेव्हापासून तपासणी समिती आली की सर तो बाहेर काढत, फडक्याने पुसत, टेबलावर ठेवत आणि मुलांना दटावत, "हात लावू नका, हलेल तो." मी नवी होते, तरी हसले. डीएनए आणि त्याचा भाऊबंद आरएनए कसे हलतात, हाच माझ्या पीएच.डी.चा विषय ठरायचा होता.

अठ्ठ्याण्णव साली मी रत्नागिरीत रसायनशास्त्र शिकवायला लागले आणि दुसऱ्याच वर्षी मुंबईच्या एका मार्गदर्शकांकडे नाव नोंदवलं. आमच्या स्टाफरूममध्ये संशोधन म्हणजे काय, तर काजूच्या टरफलाचं तेल. एकाने ते उकळलं, दुसऱ्याने ते गाळलं, आणि तिसरे गृहस्थ सात वर्षं ते बाटलीत भरून त्याचा रंग बघत होते. मी संगणकावर रेणू हलवून बघणार आहे असं या मंडळींना सांगितलं तेव्हा त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "म्हणजे कार्टून?" रंग बघणाऱ्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो, पण माझं हलतं तरी." ते गणपतीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

नातेवाईक त्याहून वरचढ. लग्नाकार्यात कोणीतरी गाठून विचारायचंच, "मग तुझं ते औषध कधी निघतंय? संधिवातावर आहे का?" पहिली दोन वर्षं मी नीट समजावून सांगायची. औषध शोधणारे लोक रोगजंतूच्या आतल्या एखाद्या रेणूचं चित्र घेतात आणि त्याला कुठे खाच आहे ते बघतात. त्या खाचेत नेमका बसेल असा पदार्थ बनवला की जंतूचं काम अडतं. पण ते चित्र गोठलेल्या स्फटिकाचं असतं. जिवंत पेशीत तो रेणू एक क्षण स्वस्थ नसतो. तो वाकतो, पिळवटतो, त्याचं एखादं अक्षर, म्हणजे त्याच्या साखळीतली एखादी कडी, बाहेर डोकावून पुन्हा आत जातं. काही खाचा तर अशा असतात की त्या फक्त हलतानाच उघडतात, आणि चित्रात त्यांचा मागमूसही नसतो. लग्नाच्या अल्बमवरून माणूस लंगडतो की नाही ते कळत नाही, तसंच हे. इथपर्यंत आले की समोरच्या बाई म्हणायच्या, "हो का? पण आमचे गुडघे फार दुखतात गं." मग मी समजावणं सोडून दिलं.

माझ्या वाट्याचा तुकडा जंतूच्या आरएनएचा होता, सत्तावीस अक्षरांचा. जंतू जिथे प्रथिनं बनवतो त्या यंत्रणेतला तो एक सांधा. काही जुनी प्रतिजैविकं इथेच बसतात, आणि जंतू आता त्यांना जुमानेनासे झाले होते. या सांध्यात हलता-हलता एखादी नवी खाच उघडते का, एवढंच मला बघायचं होतं. उघडली तर औषध बनवणाऱ्यांना नवं दार मिळणार होतं आणि मला पीएच.डी. विद्यापीठाची मुदत मी एकदा वाढवून घेतली होती. दुसऱ्यांदा वाढवायची तर सबळ कारण लागतं, असं तिथल्या कारकुनाने मला चहाचा घोट घेत घेत ऐकवलं होतं.

काम सोपं आणि रटाळ. रेणू, त्याच्याभोवती पाण्याचे हजारो रेणू आणि पेशीत असतात तसे मिठाचे थोडे आयन, म्हणजे भारित कण, एवढं सगळं संगणकात मांडायचं. मग प्रत्येक अणूवर बाकीच्या सगळ्यांचा किती रेटा आहे ते संगणक मोजतो, अणूला कल्पनेतही मावणार नाही इतकं थोडं सरकवतो आणि पुन्हा मोजायला बसतो. अशी लाखो पावलं टाकल्यावर कुठे सेकंदाच्या एक अब्जांशाची हालचाल हाती लागते. आमच्या संगणकाला तेवढ्यासाठी महिना लागे, कारण रत्नागिरीत वीज जायची. भारनियमनाच्या वेळा पेपरात छापून येत आणि वीज त्या सोडून बाकीच्या वेळीही जाई. कॉलेजात एक इन्व्हर्टर होता, तो प्राचार्यांच्या पंख्यासाठी. संगणक होता प्राणिशास्त्राच्या नमुन्यांशेजारच्या खोलीत, फॉर्मलिनच्या वासात. वीज गेली की तो बंद पडे, आणि आली की कुणीतरी जाऊन त्याला आदल्या टप्प्यावरून पुन्हा चालू करावं लागे.

हे काम मामांकडे होतं. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. पावसच्या पुढच्या एका वाडीतून पहिल्या एसटीने येत. वय पंचावन्नच्या पुढे, सगळी नोकरी बर्नर पेटवण्यात आणि ब्युरेट धुण्यात गेलेली. निवृत्त होण्याआधी त्यांना एक पायरी वर चढायची होती, प्रयोगशाळा सहाय्यक म्हणून. जागा रिकामी होणार होती आणि यादीत त्यांचंच नाव पहिलं होतं. ते हे कुणाला सांगत नसत, पण अलीकडे इस्त्रीचा शर्ट घालून येत, त्यावरून सगळ्यांना कळायचं.

वीज आली की काय टाइप करायचं ते मी चिठ्ठीवर लिहून संगणकाच्या कडेला चिकटवलं. शिवाय मामांना एक वही दिली. वीज कधी गेली, कधी आली, पडद्यावर काय दिसलं, सगळं त्यात उतरवायचं. खरं सांगायचं तर ती वही त्यांनी उगाच दुसऱ्या कळा दाबू नयेत म्हणून दिली होती. ती मी वाचणार नव्हतेच. मामांनी मात्र काम अंगाला लावून घेतलं. पडद्यावरची इंग्रजी वाक्यं ते जुन्या शाळेतल्या तिरक्या वळणाने अक्षर न् अक्षर उतरवत, खाली आडवी रेघ मारत, तारीख घालत. मी स्टाफरूममध्ये सांगायची, "आमच्या मामांनी संगणकाची पोथी लिहायला घेतली आहे," आणि सगळे हसायचे. तेलाचा रंग बघणारेसुद्धा. मामांच्या निमित्ताने आमचा समेट झाला.

एक दिवस प्रॅक्टिकलच्या मधे ते माझ्याजवळ आले.

"मॅडम, सुरू होताना ता रोज एकच वाक्य दाखवता. एकदा बघा नं."

"मामा, संगणक सुरू होताना शंभर वाक्यं दाखवतो."

"बाकीची बदलतात. ह्या नाय बदलत."

"तुम्ही लिहा. अर्थ लावायला मी आहे."

मुलं ऐकत होती. एक-दोन हसलीही. मामांचे कान लाल झाले आणि ते बेसिनकडे वळून आधीच धुतलेल्या परीक्षानळ्या पुन्हा धुवायला लागले. बरं झालं, जागेवर बसवलं, असं मला वाटलं. तेव्हा मला असं फार वेळा वाटायचं.

मग एका सकाळी मी साठलेली हालचाल पडद्यावर लावून बघायला बसले. बघताना सगळेच पाणी आणि मीठ लपवतात, नाहीतर त्या गर्दीत रेणू दिसतच नाही. मीही लपवलं. रेणू आधी थोडा थरथरला, मग त्याच्या दोन बाजू हळूहळू एकमेकींपासून दूर व्हायला लागल्या, मधली दोन अक्षरं बाहेर आली, आणि आत एक खाच उघडली. खोल, रुंद, औषधाने खुशाल पाय पसरून बसावं इतकी ऐसपैस. मी तो तुकडा सतरा वेळा बघितला असेल. माझे डोळे भरून आले, हे कबूल करायला हरकत नाही. साऱ्या जगात ही खाच मी एकटीने पाहिली आहे, आणि तीही फॉर्मलिनच्या वासात, काजूच्या तेलवाल्यांच्या नाकावर टिच्चून, असं मला वाटलं.

त्या दिवशी मी पेढे वाटले. सरांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "आता याचं मॉडेल करता येईल का? कपाटात ठेवायला?" मामांनी पेढा घेतला, कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि विचारलं, "म्हणजे बरोबर चालला होता नं सगळा?" मी म्हटलं, "चाललं होतं म्हणून तर पेढे."

मार्गदर्शकांनी मला मुंबईच्या एका परिसंवादात बोलायला लावलं. स्वभावाने ते संशयी गृहस्थ, पण खाच बघून त्यांचाही आवाज बदलला होता. मी कोकण रेल्वेने गेले, नवी साडी नेसून बोलले, टाळ्या पडल्या. मग तिसऱ्या रांगेतल्या एक वयस्कर बाई उठल्या. सुती साडी, मांडीवर कापडी पिशवी. जेवणाच्या वेळेला कुणाच्या तरी ओळखीने आल्या असाव्यात, असं मी मघाशीच ठरवून टाकलं होतं. पुढे कळलं की त्या हयातभर हेच काम करून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी मराठीतच विचारलं, "मीठ घातलं होतंत ना?"

सभागृहात हशा पिकला. मीही हसले आणि म्हटलं, "अर्थात."

"नाही, फार सहज उघडलाय, म्हणून विचारलं," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

आरएनएच्या कण्यावर सगळीकडे ऋण भार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, आणि मिठातले धन भाराचे आयन मधे नसले तर रेणूच्या बाजू एकमेकींपासून पळतात. हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून शिकवायची. परिसंवाद संपल्यावर मार्गदर्शकांनी दार लावून घेतलं आणि माझी सीडी त्यांच्या संगणकात घातली. पाणी होतं. मीठ नव्हतं. एक कणही नाही. औषधाने पाय पसरून बसायची ती खाच म्हणजे रेणू मिठाविना उसवत चालला होता, इतकंच.

झालं होतं ते असं. वीज गेल्यावर संगणक नीट पुन्हा चालू होतो का, हे तपासायला मी आधी एक चाचणीची फाईल केली होती. काम हलकं व्हावं म्हणून तिच्यात मीठ घातलं नव्हतं. खरी फाईल मी स्वतः सुरू केली, पण दुसऱ्याच दिवशी वीज गेली, आणि ती आल्यावर जी पुन्हा सुरू झाली ती चाचणीची. तिथून पुढे महिनोन्‌महिने तीच.

"ही फाईल कुणी चालवली?" मार्गदर्शकांनी विचारलं.

"आमचे परिचर चालवतात," मी म्हटलं. "त्यांनी चुकीची चालवली असणार."

त्या क्षणी मला खरंच तसं वाटलं होतं, असं मी पुढे दोन वर्षं स्वतःला सांगत होते.

मार्गदर्शक जरा सैलावले. चूक विद्यार्थिनीची नसेल तर विद्यापीठ मुदत वाढवून देईल, म्हणाले. कॉलेजचं पत्र आणा, कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे विलंब झाला असं. पत्राला आधार हवा, तेव्हा त्या कर्मचाऱ्याला एक मेमोही द्यायला सांगा.

रत्नागिरीला परतल्यावर मी घरी न जाता थेट त्या खोलीत गेले. चिठ्ठी जागेवरच होती. त्यावर माझ्या अक्षरात चाचणीच्या फाईलचं नाव होतं. चाचणीच्या दुपारी लिहिलेली चिठ्ठी मी बदललीच नव्हती. शेजारी मामांची वही होती. ती मी पहिल्यांदाच उघडली. पानापानावर तारीख घालून, तिरक्या अक्षरात, तेच एक इंग्रजी वाक्य होतं. एकूण भार शून्य नाही, म्हणजे मीठ घातलेलं नाही, असा इशारा. संगणक रोज ओरडून सांगत होता, मामा रोज ते लिहून ठेवत होते, आणि अर्थ लावायला मी होते.

मी चिठ्ठी सोलून काढली आणि पर्समध्ये टाकली. वही जागेवर ठेवली. चिठ्ठी अगदी नीट निघाली होती, न फाटता.

दोन दिवसांनी सरांच्या केबिनमध्ये मामांना बोलावलं. मीही होते. सरांनी मेमो वाचून दाखवला. प्रत्येक शब्द मामांनी मान खाली घालून ऐकला आणि मग हातातली वही टेबलावर ठेवली.

"ह्या कशाला?" सरांनी विचारलं. इतरांची बोली उचलून बोलण्याची त्यांना हौस होती.

"यात सगळा लिवलेला हाय, सर. मी चिठ्ठीपरमाणं केला. मॅडमना इचारा."

सरांनी वही उघडली नाही. माझ्याकडे सरकवली. "मॅडम, यात काही आहे का?"

एक वाक्य बोलायचं होतं. चिठ्ठी चुकीची होती, इतकंच. ते मी बोलले असते तर मुदत गेली असती, पाच वर्षं गेली असती, आणि तेलवाल्यांनी पुढची वीस वर्षं कार्टूनची आठवण काढली असती. खरं सांगते, मला सगळ्यात जास्त भीती त्यांच्या हसण्याची वाटली.

"विजेच्या वेळा आहेत त्यात," मी म्हटलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग खिशातलं पेन काढून मेमोवर सही केली, त्याच तिरक्या अक्षरात, आणि खाली तारीख घातली.

मला मुदत मिळाली. सहाय्यकाची जागा यादीतल्या दुसऱ्या माणसाला मिळाली, कारण पहिल्याच्या नावावर ताजा मेमो होता. मामा दोन वर्षं परिचर म्हणूनच राहिले. मला "मॅडम" म्हणत, विचारलं तेवढ्याचं उत्तर देत. संगणकाच्या खोलीत ते परत आले नाहीत, आणि वीज आली की मीच धावत जायची.

मीठ घालून मी सगळं पुन्हा चालवलं. रेणू वाकला, पिळवटला, अक्षरं आत-बाहेर झाली, पण ती ऐसपैस खाच काही पुन्हा उघडली नाही. तरी प्रबंध झाला. मीठ असताना रेणू कसा हलतो आणि नसताना कसा, अशी तुलना मी त्यात घातली. माझी घोडचूक मुद्दाम केलेल्या प्रयोगासारखी सजवून एका आख्ख्या प्रकरणात मांडली. परीक्षकांना तेच प्रकरण सगळ्यात आवडलं. काजूच्या तेलाला मी जन्मभर हसले, पण त्या बाटलीतलं तेल निदान खरं होतं.

मामा निवृत्त झाले, मला पदवी मिळाली, आणि आता कुणीच काही करू शकणार नाही अशी खात्री झाल्यावर माझी सदसद्विवेकबुद्धी जागी झाली. एका रविवारी मी पावसची एसटी पकडली. मामा पडवीत सुपारी सोलत बसले होते. मला खुर्ची दिली, तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा पुढे ठेवला आणि पुन्हा सुपारी सोलायला बसले. मी एसटीत पाठ केलेलं बोलायला लागले.

"मामा, त्या मेमोचं सांगायला आलेय. चिठ्ठी माझीच चुकीची होती."

"व्हय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच टायपायचो नं रोज."

"मी प्राचार्यांना लिहून देते आता. तो कागद काढून टाकतील."

"आता पेन्शन सुरू झाला. तवा का नाय लिवलात?"

पाठ केलेलं सोडून मी खरं तेच म्हटलं. "माझी मुदत संपत होती."

"माजीपन," मामा म्हणाले आणि सोललेली सुपारी सुपात टाकली.

आतून त्यांच्या बायकोने विचारलं, "चाय ठेवू काय वो?"

"नको," मामांनी मान वर न करता सांगितलं. "मॅडम निघाल्या."

मी अजून खुर्चीतच होते. पर्स पायाशी होती. ती उचलली आणि पडवीच्या पायरीखाली चपला शोधायला लागले.